काम भरपूर, हातात काहीच नाही: गोव्यातल्या छोट्या कंत्राटदाराचा हिशेब

फोन येतो. पलीकडचा माणूस नाव सांगतो, गाव सांगतो आणि तिसरे वाक्य ठरलेले असते: "स्क्वेअर फुटाक कितले?" बावीस वर्षे फोंडा, डिचोली आणि बार्देश भागात घरे बांधताना हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. पहिली आठ-नऊ वर्षे मी फोनवरच आकडा सांगून टाकायचो. शेजारच्या गावातला कंत्राटदार जो दर लावतो त्याहून पन्नास रुपये कमी. काम मिळायचे. दोन-तीन साइट एकदम चालायच्या, दुपारचे जेवण गाडीतच व्हायचे, आणि चतुर्थी जवळ आली की मजुरांचा हिशेब चुकता करायला बायकोचे दागिने बँकेत जायचे.

कामे नाहीत म्हणून बुडालेले कंत्राटदार मी फार थोडे पाहिले. हातात तीन-तीन कामे असताना बुडालेले बरेच पाहिले, आणि त्यातले काही माझ्याहून चांगले बांधकाम करणारे होते. बहुतेकांच्या दोनच चुका होत्या. दर लावताना स्वतःचा चालू खर्च धरला नव्हता, आणि गिऱ्हाइकाचे घर ते स्वतःच्या पैशाने बांधत होते. या दोन्ही गोष्टी आकडे मांडून सांगतो. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण मांडायची रीत हीच.

आठ महिन्यांचे वर्ष

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाया खणायचा तर खड्ड्यात पाणी. चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) खाणींत पाणी भरते आणि चिरे मिळेनासे होतात. बाहेरचे प्लास्टर धुऊन जाते. म्हणजे उघड्यावरचे काम करायला आपल्याकडे जेमतेम आठ महिने. पण सुपरवायझरचा पगार, गाडीचा हप्ता, गोदामाचे भाडे बाराही महिने चालू असते.

हा खर्च एकदा कागदावर लिहून काढा. समजा सुपरवायझर २५,०००, गाडी आणि डिझेल १८,०००, गोदाम ८,०००, हिशेबनीस ६,०००, कर्जाचे व्याज १०,०००, सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटा आणि हत्यारांची दुरुस्ती ८,०००. आणि तुमचा स्वतःचा पगार ४५,०००. हा शेवटचा आकडा लिहायला लोक सर्वांत जास्त कचरतात. "उरेल ते माझेच" असे म्हणतात. पण सकाळी सातला साइटवर उभे राहण्याचे काम दुसऱ्या कोणाला दिले असते तर त्याला पगार द्यावाच लागला असता. तुम्ही घेत असलेला पगार हा खर्च आहे. नफा त्याच्या पुढे सुरू होतो.

एकूण झाले महिन्याला १,२०,०००, वर्षाला १४,४०,०००. हे आठ महिन्यांत वसूल करायचे, म्हणजे कामाच्या प्रत्येक महिन्यावर १,८०,०००. एका वेळी दोन साइट चालत असतील तर एका साइटवर महिन्याला ९०,०००. हा ९०,००० चा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

आता एक काम घेऊ. चिरे, सिमेंट, लोखंड, रेती, मजुरी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे धरून थेट खर्च ३०,००,००० येतो आणि काम पाच महिन्यांचे आहे. पाच महिने गुणिले ९०,००० म्हणजे ४,५०,००० चालू खर्च. त्यावर ३,००,००० नफा हवा. दर झाला ३७,५०,०००, जीएसटी वेगळा.

बहुतेकजण मात्र थेट खर्चावर १५ टक्के चढवतात आणि १५ टक्के सुटतील असे समजतात. ३०,००,००० वर १५ टक्के म्हणजे ४,५०,०००. चालू खर्चही नेमका तेवढाच, म्हणजे हातात शून्य. अजून एकही पोते भिजलेले नाही, एकही दिवस वाया गेलेला नाही, तरी शून्य! वरच्या हिशेबात विक्रीच्या दर १०० रुपयांतले १२ रुपये चालू खर्चाचे आणि ८ नफ्याचे आहेत. थेट खर्चाला उरतात ८०. ऐंशीवर वीस चढवायचे म्हणजे २५ टक्के चढवायचे. "चढवलेले" आणि "उरलेले" यांतला हा फरक समजला तेव्हा मी रात्रभर जुन्या वह्या काढून बसलो होतो. जी कामे मी फायद्याची समजत होतो, त्यांतली निम्मी फुकट केलेली निघाली.

आणखी एक गोष्ट यातून दिसते. तेच काम पाचाऐवजी सात महिने चालले तर चालू खर्च ६,३०,००० होतो आणि ३,००,००० चा नफा १,२०,००० वर येतो. सिमेंटच्या पोत्यामागे पाच रुपये वाचवायला आपण तीन दुकाने फिरतो, आणि दारे-खिडक्यांचा नमुना मालकाने ठरवला नाही म्हणून तीन आठवडे गप्प बसून राहतो. मी आता करारातच लिहितो की टाइल्स, दारे, फिटिंग यांची निवड अमुक तारखेपर्यंत द्यायची, आणि उशीर झाला तर मुदतही तेवढी पुढे जाईल.

पावसाचेही तसेच. मेअखेर स्लॅब ओतून झाला तर आतले प्लास्टर, फरशी, वायरिंग जून-जुलैत करता येते, आणि त्या महिन्यांचा चालू खर्च आधीच आठ महिन्यांवर वाटून झालेला असल्यामुळे तिथे मिळणारा पैसा वरकड असतो. स्लॅब राहिला तर त्याचा हप्ता ऑक्टोबरनंतर. म्हणून फेब्रुवारीत नवा पाया घेताना मी आधी कॅलेंडर बघतो. मेच्या वीस तारखेपर्यंत स्लॅब बसत नसेल तर मालकाला स्पष्ट सांगतो, पावसानंतर सुरू करू. काही जण दुसरीकडे जातात. जाऊ दे.

गिऱ्हाइकाचे घर, कोणाचा पैसा?

कागदावर ३,००,००० नफा असलेल्या कामातही माणूस बुडू शकतो. हे नीट समजून घ्या, कारण नवीन कंत्राटदार इथेच मार खातात.

त्याच कामाचा थेट खर्च टप्प्यांत पाडू. पाया ते जोते ५ लाख, भिंती ५ लाख, स्लॅब ६ लाख, उरलेले १४ लाख प्लास्टरपासून रंगापर्यंत. आता नेहमीचा तोंडी करार: सुरुवातीला २ लाख, जोते झाल्यावर ५ लाख, स्लॅब झाल्यावर १२ लाख. स्लॅब ओतला त्या संध्याकाळी तुमचे गेले १६ लाख आणि आले ७ लाख. ९ लाख तुमचे अडकले. दोन साइट सारख्याच चालल्या असतील तर १८ लाख. छोट्या कंत्राटदाराकडे एवढा पैसा नसतो. मग लोखंडवाल्याची उधारी वाढते, उधारीवर दर चढा लागतो, आणि तुमचा नफा त्याच्या दुकानात जातो.

तेच टप्पे असे बदला: करारावर सही करताना १० टक्के म्हणजे ३,७५,०००, जोते झाल्यावर ६,००,०००, भिंती लिंटलला (दारे-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीला) आल्यावर ५,००,०००, आणि स्लॅबचे लोखंड बांधून इंजिनियरने तपासल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, ४,००,०००. स्लॅबच्या संध्याकाळी आले १८,७५,०००, गेले १६,००,०००. एकूण किंमत तीच, फक्त पैसे येण्याची वेळ बदलली. ओतण्याआधीचा हप्ता मी कधीच सोडत नाही. स्लॅब ओतेपर्यंत मालक रोज साइटवर येतो, फोन करतो. ओतला की महिनाभर त्याला सवड नसते.

यात कंत्राटदारावरही एक बंधन येते आणि ते पाळलेच पाहिजे. आगाऊ आलेले पैसे त्याच घराचे. याची टोपी त्याला घालायला सुरुवात झाली, म्हणजे म्हापशाच्या साइटच्या पैशातून साखळीच्या साइटचा पगार भागवला, की पुढचे काम केवळ मागचे भागवण्यासाठी घ्यावे लागते. तेव्हा दर पाडून घेतले जाते, कारण आगाऊ रक्कम आजच हवी असते. प्रत्येक साइटची वेगळी वही ठेवा. शनिवारी पगार वाटल्यावर तीन आकडे लिहा: आजवर आले किती, गेले किती, देणे किती. वीस मिनिटांचे काम आहे. मोबाइलवर करा, कागदावर करा, पण शनिवार चुकवू नका.

जीएसटीही याच गणितात येतो. कंत्राटाच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. बिल फाडले की मालकाचे पैसे आले असोत वा नसोत, पुढच्या महिन्याच्या विवरणात तो कर भरावा लागतो. म्हणून बिल टप्प्याशी जुळवून आणि पैसे हातात येण्याच्या बेतानेच काढा. कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाका. ती आपल्या खात्यातून फक्त पुढे जाते, आपली नसते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून मालक विचारतात, सिमेंट स्वस्त झाले ना, मग दर कमी करा. यात त्यांची चूक नाही, पण हिशेब असा आहे: नोंदणी असलेला कंत्राटदार सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट आपल्या १८ टक्क्यांतून घेतो. तो कर त्याच्या खर्चात नव्हताच, फक्त काही काळ अडकून राहायचा. आता कमी अडकतो, एवढाच फायदा. जिथे मालक स्वतः सिमेंट आणतो आणि तुम्ही फक्त मजुरीवर काम करता, तिथे बचत थेट मालकाची. हे शांतपणे कागदावर दाखवले की बहुतेकांना पटते.

रेती, चिरे आणि वर-खाली होणारे दर

मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल अशा नद्या असूनही गोव्यात रेतीची टंचाई असते. उपशावर पर्यावरण मंजुरीची आणि न्यायालयाच्या आदेशांची बंधने आहेत, त्यामुळे बरीच रेती सिंधुदुर्गातून किंवा कर्नाटकातून येते. तपासणी कडक झाली की आठवडाभर एकही ट्रक येत नाही आणि आला तर वाटेल तो भाव सांगतो. सरकारी वाहतूक पास नसलेली रेती कधी घेऊ नका. ट्रक पकडला गेला तर तुमची आगाऊ रक्कमही बुडते. शक्य तिथे मी क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती) वापरतो. मालकाला आधी सांगतो आणि काँक्रीटचे मिश्रण इंजिनियरकडून ठरवून घेतो.

दरांचा धोका एकट्या कंत्राटदाराने घ्यायचे कारण नाही. माझ्या प्रत्येक कोटेशनच्या शेवटी सही होईल त्या दिवसाचे चार भाव असतात: सिमेंटचे पोते, लोखंडाचा किलो, रेतीचा ट्रक, चिऱ्याचा नग. खाली एक ओळ: यांत ५ टक्क्यांहून जास्त वाढ किंवा घट झाली तर ५ टक्क्यांवरचा फरक मालकाचा, वाढला तर त्याने द्यायचा, घटला तर त्याला मिळायचा. घट झाली तर त्याचे पैसे परत, हे लिहिल्यामुळेच मालक वाढीलाही तयार होतो. कोटेशनची मुदत पंधरा दिवस, त्यानंतर भाव पुन्हा तपासायचे.

"तेवढे करून टाका"

बार्देशमधल्या एका गावात बाहेरगावच्या एका मालकाचे घर बांधत होतो. माणूस बोलायला गोड. दर रविवारी यायचा आणि काहीतरी वाढवायचा. पायऱ्या रुंद करा, अंगणात तुळशीजवळ फरशी टाका, मागे पाण्याची मोठी टाकी घ्या. मी हो म्हणत गेलो. शेवटी वाढीव कामाचे ३,८०,००० मागितले तर तो म्हणाला, हे सगळे ठरलेल्या दरातच होते ना? माझ्याकडे एक ओळही लिहिलेली नव्हती. वकिलाने कागद मागितले, मी मोकळे हात दाखवले. त्या घराचा सगळा नफा आणि वर खिशातले पैसे गेले. गवंड्याला मात्र मी पूर्ण दिले, कारण त्याने पायऱ्या बांधल्या होत्या.

तेव्हापासून वाढीव काम सुरू करण्याआधी व्हॉट्सॲपवर तीन ओळी जातात: काम काय, किती रुपये, किती दिवस वाढतील. "हो" असे उत्तर आल्याशिवाय हातोडा लागत नाही. मालक नाराज होईल अशी भीती वाटते. उलट होते. आकडा समोर आला की निम्मी वाढीव कामे मालक स्वतःच सोडून देतो, आणि उरलेल्यांचे पैसे न कुरकुरता देतो.

कागदांचेही थोडे सांगतो. सुरुवात करण्याआधी मालकाकडून एक-चौदाचा (जमिनीच्या हक्काचा) उतारा, जमीन बिगरशेती केल्याची रूपांतराची सनद, नगर नियोजनाची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना यांच्या प्रती घ्या. खाडी-नदीजवळची जागा असेल तर किनारी नियमांचे बघा. आपल्याकडे गावात तक्रार झाली की काम थांबवण्याची नोटीस यायला वेळ लागत नाही. सेंट्रिंग अडकते आणि मजूर दुसऱ्याकडे जातात. वडिलोपार्जित घरात सहमालक असतात, त्यांची हरकत नाही ना ते विचारा. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक असते, त्यामुळे करारावर मी दोघांच्याही सह्या घेतो.

सरकारी टेंडर

सरकारी काम वाईट नसते, पण त्यात पैसा कुठे अडकतो ते माहीत हवे. समजा स्वतःच्या नावावर धंदा आहे आणि १०,००,००० चे बिल निघाले. आयकराचा टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा कर) १ टक्का म्हणजे १०,०००. कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा टीडीएस २ टक्के, २०,०००. कामगार कल्याणाचा उपकर १ टक्का, १०,०००. सुरक्षा ठेव समजा ५ टक्के, ५०,०००. मिळून ९०,००० कापले. तुमचा नफा ८ टक्के असेल तर तो ८०,०००. म्हणजे सगळा नफा, आणि वर थोडे, तिथेच राहिले. दोन्ही टीडीएस पुढे वजावटीत मिळतात, ठेव दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर सुटते, उपकर मात्र खर्चच. बिल मंजूर व्हायला लागणारे महिने वेगळे.

असे असताना लोक अंदाजपत्रकाच्या वीस-पंचवीस टक्के खाली टेंडर भरतात. आमच्या डिचोली-सत्तरीकडे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर, जेसीबी दारात उभे असलेले कितीतरी जण या धंद्यात आले. हप्ते थकले होते, मशीन फिरते ठेवणे भाग होते. त्यांच्या अडचणीला मी नावे ठेवत नाही. पण त्यांच्या दराशी स्पर्धा करायला गेलो असतो तर माझीही मशीन बँकेने नेली असती. माझा नियम असा: सहा महिने पैसे आले नाहीत तरी पगार देता येईल एवढेच सरकारी काम घ्यायचे.

माणसे

उत्तर कर्नाटक, ओडिशा, झारखंडमधून आलेल्या हातांवर गोव्याचे बांधकाम चालते. होळीला, शेतीच्या हंगामात, निवडणुकीला ती माणसे गावी जातात. वेळापत्रकात ते आधीच धरा. मुकादमाला मोठी उचल देऊन बांधून ठेवता येते असे वाटते, पण उचल घेऊन गेलेली टोळी परत न आल्याचे मीही भोगले आहे. दर शनिवारी न चुकता पगार, राहायला कोरडी खोली, स्वच्छ पाणी आणि संडास, यांवर माणसे टिकतात. माझ्याकडे बागलकोटचे दोन गवंडी तेरा वर्षे आहेत. त्यांनी रचलेली भिंत मला पुन्हा तपासावी लागत नाही, आणि तो वाचलेला वेळ हाच माझा सर्वांत मोठा फायदा आहे.

अपघाताचा विमा काढाच. मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ पासून कायद्यात आहे आणि परांचीवरून माणूस पडला तर जबाबदारी टळत नाही. बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची कल्याण मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. उपकर आपण भरतोच, मग त्याचा लाभ त्या माणसांपर्यंत पोचवायला अर्ज भरून देणे एवढे तरी आपण करायला हवे.

कोणती कामे घ्यावीत यावर प्रत्येकाचे वेगळे मत असते. मला जुन्या कौलारू घरांची दुरुस्ती आवडते. तिथे दराची चढाओढ कमी आणि विश्वास जास्त. फक्त तिथे एकरकमी दर कधी देऊ नका. कौले उतरल्याशिवाय वाशांना वाळवी किती लागली ते दिसत नाही. प्रत्यक्ष खर्च अधिक ठरलेले टक्के, अशीच बोली ठेवा आणि सगळी बिले मालकाला दाखवा.

आणि जे आज हा लेख वाचताना आधीच अडकलेले आहेत, त्यांच्यासाठी. नवे काम घेऊन जुने भागवायचा मोह आवरा. या रविवारी प्रत्येक साइटवर टेप घेऊन जा, झालेल्या कामाचे मोजमाप स्वतः करा, फोटो काढा, आणि सोमवारी मोजमापासकट बिल द्या, तोंडी मागू नका. लोखंडवाल्याला आणि रेतीवाल्याला तोंड चुकवू नका. जाऊन सांगा की महिन्याला इतके देतो, आणि तेवढे द्याच. ज्या साइटवर उरलेल्या हप्त्यांपेक्षा उरलेला खर्च जास्त आहे, तिथल्या मालकासमोर वही उघडून बसा. मी असा एकदा फोंड्यात एका मालकाच्या ओसरीवर बसलो होतो, हात थरथरत होते. त्याने वही दोनदा वाचली, चहा मागवला आणि म्हणाला, लोखंड मी थेट दुकानात भरतो, तुम्ही मजुरीवर पुरे करा. ते घर पुरे झाले. दोन वर्षांनी त्याच्या भावाचेही मीच बांधले, ओतण्याआधीच्या हप्त्यासकट.